तोझ-३६ चं लाकडी मॉडेल, डबल साइज: कामाच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

नोंदी लिहायची सवय नाही मला, पण मागच्या वर्षी धान्य चाळायचं मशीन बनवलं तेव्हा कुठलं माप कुठून घेतलं तेच विसरलो आणि निम्मं काम दोनदा करावं लागलं, म्हणून ह्यावेळी पहिल्या दिवसापासून लिहून ठेवायलोय.

काम असं आहे. आमच्या लातूरच्या रेंजवरच्या सरांना भिंतीवर लावायला एक मॉडेल पाहिजे. रेंज म्हणजे एक हॉल, १० मीटरचा, एअर पिस्टल आणि एअर रायफलवाली पोरं येतात. पोरं विचारतात रिव्हॉल्व्हर आतून कसं चालतं, सर फळ्यावर काढतात, कुणाला काही कळत नाही. मी म्हणलं लाकडात करून देतो, अर्धं कापलेलं, आतलं सगळं दिसेल असं. सर म्हणले करायचंच तर तोझ-३६ कर. तिथंच फसलो मी.

तोझ-३६ म्हणजे रशियातल्या तुला गावच्या कारखान्यातलं टार्गेट रिव्हॉल्व्हर. तुला हे गावाचं नाव आहे, हे मामाला समजवायला पाच मिनिटं गेली, "तुला तोझ, मग मला काय" हाच जोक तो दिवसभर मारत होता. कारखाना जुना, १७१२ साली पीटर द ग्रेटनं काढलेला. तोझ-३६ मात्र साठच्या दशकातलं, खैदुरोव नावाच्या डिझायनरचं, आणि हा माणूस स्वतः नेमबाज होता, नुसता ड्रॉइंग बोर्डवरचा इंजिनिअर नव्हे. ५० मीटर फ्री पिस्टल ह्या स्पर्धेत जगभर नाव कमावलेलं तोझ-३५ पण त्याचंच.

ह्याच्यात खास काय, तर गॅस सील. साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर (गोळ्या भरायचं फिरतं चाक) आणि बॅरलच्या (पुढच्या नळीच्या) मधे बारीक फट असते, सिलिंडर फिरायचा म्हणल्यावर ती लागतेच, आणि गोळी सुटली की थोडा गॅस त्या फटीतून बाजूला पळतो. तोझ-३६ मध्ये हॅमर, म्हणजे मागचा ठोकणारा घोडा, मागं ओढला की अख्खा सिलिंडर पुढं सरकतो आणि फट बंद. ही आयडिया गाजवली बेल्जियमच्या लिओं नागांतनं, त्याचं १८९५ चं मॉडेल रशियन सैन्यानं घेतलं होतं. खैदुरोवनं तीच गोष्ट टार्गेटच्या कामाला लावली.

मामाचं स्वतःचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, कानपूरचं, परवान्यावरचं. निवडणुकीमुळं ते अजून पोलीस ठाण्यातच जमा आहे. काल निकाल लागला तरी लगेच परत देत नाहीत, थांबावं लागतं. त्यामुळं मामा रिकामा, आणि रिकामा मामा म्हणजे माझ्या वर्कशॉपमध्ये खुर्ची टाकून बसलेला मामा.

२८ नोव्हेंबर, गुरुवार

लाकडाचं असलं तरी रिव्हॉल्व्हरच्या आकाराची वस्तू गाडीवर घेऊन फिरायची म्हणजे डोक्याला ताप, म्हणून आधीच ठाण्यात जाऊन विचारून आलो. तिथले जमादार भले माणूस निघाले, फोटो बघितला, विचारलं केवढं करणार, मी म्हणलं डबल साइज, तर म्हणले "मंग कोण घाबरणार हाय त्याला, पण रंग असा दे की लांबून कळलं पायजे, पोळ्याचा बैल रंगवल्यावानी." ठरलं तर मग, बॉडी पिवळी, सिलिंडर लाल, आतले हलणारे पार्ट हिरवे.

डबल साइज हे एका अर्थानं बरंच झालं. खऱ्या साइजमध्ये सिलिंडर सरकतो तो इतका थोडा की दोन हातावर उभ्या पोराला काही दिसणार नाही. मी सरकणं ५ मिलीमीटर ठेवलंय, डबलच्या हिशोबानंही जास्तच आहे ते, पण शेवटच्या बाकावरून दिसलं पाहिजे.

१ डिसेंबर, रविवार

आधी गोळी बनवली. मॉडेल बनवताना लोक बॅरलपासून सुरू करतात, मला वाटतं इथं उलट करावं, कारण ह्या रिव्हॉल्व्हरची सगळी भानगड काडतुसात आहे. ७.६२ बाय ३८ मिलीमीटर, रिमवालं (बुडाला कड असलेलं). साध्या काडतुसात गोळीचं टोक बाहेर दिसतं, ह्याच्यात गोळी केसच्या (पितळी टरफलाच्या) आत पूर्ण बुडालेली असते, म्हातारा माणूस घोंगडीत डोकं घालून झोपतो तशी. केसचं तोंड गोळीच्याही पुढं जातं. सिलिंडर पुढं सरकला की ते तोंड बॅरलच्या मागच्या भोकात शिरतं, बार उडाला की पितळ फुगतं आणि उरलीसुरली जागा पण बंद होते. म्हणजे सील करतं ते काडतूस, रिव्हॉल्व्हर नुस्तं त्याला पुढं नेऊन ठेवतं.

केस खऱ्यात ३९ मिलीमीटरच्या आसपास, मी ७८ धरली. बाभळीचा तुकडा लेथला लावला. बाभूळ वाळलेली होती तरी मधे गाठ निघाली आणि टूल असं उडालं की मामा खुर्चीसकट मागं सरकला. दुसरा तुकडा घेतला. सहा काडतुसं, त्यातलं एक उभं कापून आतली गोळी दाखवायची. गोळीला करड्या रंगाऐवजी पेन्सिलीचं शिसं घासलं, लई भारी चमक आली.

८ डिसेंबर, रविवार

आज रडायचं बाकी राहिलं.

सिलिंडर केला. सागवानाचे चार थर फेविकॉलनं चिकटवून, दोन दिवस शिकंजात ठेवून, मग लेथवर गोल करून, मग भोकं. भोकांसाठी कागदावर कोन काढले, ५१.४ अंशाला एक, लई नाजूक काम, प्रत्येक वेळी कंपासनं चेक केलं. पाच तास गेले. आर्मरर काका संध्याकाळी आले. काका म्हणजे पोलीस खात्यात तीस वर्षं हत्यारं दुरुस्त करून रिटायर झालेले, आता दुपारी झोप आणि संध्याकाळी माझ्याकडं चहा. त्यांनी सिलिंडर हातात घेतला, अंगठ्यानं एकेक भोक मोजलं. परत मोजलं. मग म्हणले,

"बाळा, किती गोळ्यांचं हाय तुझं रिव्हॉल्व्हर?"

"सात."

"सात नागांतला. तोझला सहा."

मी मोबाईल काढून बघितलं. खरंच की. गॅस सीलचे सगळे फोटो मी नागांतचे बघत बसलो होतो, कारण तोझचे चांगले फोटो मिळतच नाहीत, आणि ५१.४ अंश डोक्यात बसला तो बसलाच. काडतुसं तर सहाच केली होती मी! तेव्हाही डोक्यात उजेड पडला नाही. काका अर्धा कप चहा होईस्तोवर हसायले होते.

९ डिसेंबर

सात भोकांचा सिलिंडर फेकला नाही. शेजारी ठेवायचा, "हा आजोबा, हा नातू" म्हणून. सागवान फुकट जाऊ देणारा माणूस मराठवाड्यात जन्मलेला नसतो.

१५ डिसेंबर, रविवार

सहा भोकांचा सिलिंडर झाला, ६० अंश, शाळेतल्या पोरालाही जमेल. त्याबद्दल जास्त काही लिहीत नाही.

आजची खरी गोष्ट म्हणजे सर आणि काका दोघं एकाच वेळी वर्कशॉपमध्ये आले आणि जुंपली. मी रंधा मारत मारत ऐकत होतो, आठवेल तसं लिहितो, कारण मॉडेलच्या खाली जी पाटी लावायची तिच्यावर काय लिहायचं हे ह्याच्यावरच ठरणार आहे.

काकांचं म्हणणं, गॅस सील म्हणजे चांगल्या बैलगाडीला ब्रेक लावण्याचा प्रकार. त्यांच्या नोकरीत त्यांनी वेब्लीच्या घराण्यातली रिव्हॉल्व्हरं शेकड्यानं उघडली, ती मधून मोडतात, उघडली की सगळी टरफलं एकदम बाहेर. आपलं कानपूरचं .३२ त्याच वेब्ली मार्क ४ वरून घेतलेलं. त्यांच्यात फट तपासायला काका फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) वापरायचे, चार ते आठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आली की पास, जास्त आली की शेरा मारून बाजूला. "एवढ्या फटीनं पंचवीस मीटरवर काय फरक पडतो? माणसाचा हात केवढा हलतो ते बघा आधी." आणि नागांतचं लोडिंग त्यांना अजिबात पटत नाही. बाजूच्या छोट्या दारातून एकेक टरफल दांडीनं ढकलून काढा, एकेक भरा. "लग्नात पंगतीला एकेक पुरी वाढल्यासारखं."

सरांचं म्हणणं वेगळं. ते स्वतः सेंटर फायर खेळलेले. सेंटर फायर म्हणजे २५ मीटर, ७.६२ ते ९.६५ मिलीमीटर कॅलिबर, ६० शॉट. पहिले ३० प्रिसिजन, म्हणजे सावकाश, पाच मिनिटांत पाच. नंतरचे ३० रॅपिड, म्हणजे झटपट, टार्गेट तीन सेकंद समोर, सात सेकंद आड, एका वेळी एकच शॉट. ऑलिंपिकमध्ये नाही हा इव्हेंट, त्यामुळं पेपरात येत नाही, पण वर्ल्ड चॅम्पियनशिप, एशियाडमध्ये आपली पोरं ह्याच्यात चमकलीत, जसपाल राणानं २००६ ला दोहाला अंगात ताप असताना ५९० मारले, वर्ल्ड रेकॉर्डची बरोबरी. ते सगळं पिस्टलचं राज्य. .३२ एस अँड डब्ल्यू लाँगची चपट्या तोंडाची वॉडकटर गोळी, जी कागदावर पंच मशीननं पाडल्यासारखं गोल भोक पाडते, आणि ती चालवणारी वॉल्थर जीएसपीसारखी सेमी ऑटोमॅटिक.

तर सर म्हणले, प्रिसिजनच्या टार्गेटला दहाचं वर्तुळ ५० मिलीमीटर, आणि चांगलं मशीन शिकंजात धरून मारलं तर गोळ्या त्याच्या आतच राहतात, सील असो नसो. मग तोझचं कौतुक कशाला? तर सील फायद्याचं आहे एका ठिकाणी, सहाच्या सहा भोकांची फट एकसारखी कधीच नसते, कुठं चार थाऊ कुठं सहा, त्यामुळं प्रत्येक गोळीचा वेग जरा जरा बदलतो, सील असलं की तो फरकच मिटला. शिवाय केसचं तोंड बॅरलमध्ये शिरलं की भोक आणि बॅरल आपोआप एका रेषेत येतात. "पण," आणि इथं सरांनी माझ्या रंध्याकडं बोट केलं, "ही दोन्ही कामं नीट फिटिंग करून पण होतात. मनुऱ्हिन बघ." फ्रान्सचं मनुऱ्हिन एमआर ७३, तिथल्या जीआयजीएन कमांडोंकडं असायचं ते, त्याला सील बील काही नाही, नुस्तं कारागिरी. त्याच कंपनीचं एमआर ३२ तर खास मॅचसाठी, .३२ मध्येच.

काका म्हणले बघा, मी काय म्हणत होतो. सर म्हणले नाही, तुम्ही वेगळंच म्हणत होता. चहा गार झाला दोघांचा.

माझं मत विचारलं कुणी नाही, पण वही माझी आहे. मला वाटतं दोघंही सीलला रिझल्टच्या तराजूत तोलायलेत. एक चाक पुढं सरकून दार बंद करतं आणि परत मागं येऊन फिरतं, ही गोष्टच इतकी सुंदर आहे की हाताला करावीशी वाटते. गरज होती का, हा प्रश्न नंतरचा.

२२ डिसेंबर, रविवार

आतेभाऊ जर्मनीत सॉफ्टवेअरमध्ये आहे, तिथं गावोगावी नेमबाजीची मंडळं असतात म्हणे, आपल्याकडं भजनी मंडळ असतं तशी, हा एका मंडळाचा मेंबर आहे. त्याला विचारलं होतं तोझ कुणाकडं आहे का. आज त्याचा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज आला. एका म्हाताऱ्या मेंबरकडं तोझ-४९ आहे, म्हणजे ३६ चाच भाऊ, काडतूस आखूड, ७.६२ बाय २६, सिलिंडरही आखूड. ह्यानं दहा गोळ्या मारल्या त्यातून.

त्याचे शब्द: "दादा, सील बील काही कळत नाही हातात. कळतं ते ट्रिगर. वाळलेली तुरीची काडी मोडते ना, आधी काहीच नाही आणि एकदम कट्, तसं." आणि ग्रिप, म्हणजे मूठ, लाकडी, हाताच्या साच्यात कोरलेली, हात ठेवला की तो एकाच जागी बसतो, दुसरीकडं बसूच शकत नाही.

हे ऐकून एक गोष्ट डोक्यात उजेडली जी काका आणि सरांच्या भांडणात आलीच नव्हती. नागांतची सगळ्यात मोठी शिवी म्हणजे त्याचा ट्रिगर. नुसतं ट्रिगर ओढून मारायचं म्हणलं तर एकाच बोटानं हॅमर उचला, सिलिंडर फिरवा आणि वर तो पुढं पण ढकला, बोट मोडायची पाळी. खैदुरोवनं काय केलं, हे सगळं काम अंगठ्याला दिलं. तोझ-३६ सिंगल ॲक्शन आहे, हॅमर अंगठ्यानं मागं, त्यातच फिरणं सरकणं सगळं उरकलं, बोटाला उरलं फक्त शेवटचं कट्. सील ठेवलं आणि सीलचा दंड बोटावरून काढून घेतला. नेमबाजाच्या डोक्यातून आलेली वस्तू आहे ही.

काडतुसाची बोंब तिकडंही आहेच. ७.६२ बाय ३८ दुकानात सहज मिळत नाही, नागांतवाले लोक .३२ चा वेगळा सिलिंडर बसवून घेतात, पण .३२ ची केस बॅरलपर्यंत पोचतच नाही, म्हणजे सिलिंडर बिचारा पुढं सरकतो आणि दार बंद करायला कुणीच नाही. आपल्या भारतात तर विषयच संपला, इथं परवान्यावरचं काडतूस म्हणजे बहुतेक .३२च, त्यामुळं आमच्या रेंजवर तोझ येणार ते लाकडाचंच.

३० डिसेंबर, सोमवार, वेळ अमावस्या

आज काम बंद, सगळे शेतात. पण सिलिंडर आणि मागचा ढकलणारा ठोकळा पिशवीत घालून नेला होता, कारण तो अडकत होता आणि माझं डोकं तिथंच होतं. कोपीची पूजा झाली, भज्जी, भाकरी, आंबिल झाली, आणि मग तुरीच्या कडेला गोधडीवर मामा, काका, दोन चुलते असे सगळे त्या लाकडाभोवती. बाया म्हणायल्या ह्यांना सणालाही खेळणी लागतात.

मामाचं .३२ परत मिळालंय, ते घरी कपाटात, शेतात कशाला आणायचं. पण त्याला आता मत आलंय. त्याचं मत, हे सगळे टार्गेटवाले रिव्हॉल्व्हर नवऱ्या मुलाच्या फेट्यासारखे, एक दिवसासाठी. चुलत्यांनी विचारलं ह्याच्याहून विचित्र रिव्हॉल्व्हर असतं का. मग काकांनी वेब्ली-फॉसबरीची गोष्ट सांगितली, मला माहीत होती तरी काकांच्या तोंडून वेगळी लागली. फॉसबरी इंग्रज फौजेतला, इकडंच नोकरी केलेला, १८६३ ला सरहद्दीवर अंबेलाच्या लढाईत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवलेला. त्यानं असं रिव्हॉल्व्हर काढलं की गोळी सुटली की धक्क्यानं वरचा अर्धा भाग मागं सरकतो आणि सिलिंडरवरच्या नागमोडी खाचेत एक खुंटी अडकून सिलिंडर आपोआप फिरतो, हॅमर पण चढतो. काकांनी नागमोडी खाच तुरीच्या काडीनं मातीत काढून दाखवली. चुलते म्हणले हे तर आपल्या पेरणी यंत्रासारखं झालं. झालं तसं, का नाही.

मी इटलीच्या माटेबाचं पण सांगितलं, जे वरच्या नव्हे तर खालच्या भोकातून गोळी मारतं, म्हणजे झटका हाताच्या रेषेत येतो आणि तोंड वर उडत नाही. ते कुणाला पटलं नाही. "बॅरल खाली? मंग वर काय, हवा?"

अडकणाऱ्या ठोकळ्याचं उत्तर मात्र मोठ्या चुलत्यांनी दिलं, ज्यांनी आयुष्यात बंदूक हातात धरली नाही. म्हणले, "पाचर सरळ कामून ठोकतो? तिरपी कर. नांगराला पाचर बघितली नाही काय." खरंच. मी ठोकळा काटकोनात ढकलत होतो. तिरका उतार दिला की वर जाताना आपोआप पुढं ढकलेल.

५ जानेवारी २०२५, रविवार

पाचर तिरकी केली, ठोकळा लोण्यासारखा चालला. आता प्रश्न सिलिंडर परत मागं आणायचा. स्प्रिंग. बॉलपेनच्या तीन स्प्रिंगा एकात एक घातल्या, दम नाही. सायकल स्टँडची लावली, तर इतकी कडक की हॅमर ओढताना फ्रेमच चिरकली, सागवानाला रेषेत भेग. भेगेत फेविकॉल आणि सागवानाचाच भुसा भरून दाबून ठेवली, रंगाखाली दिसणार नाही पण मला दिसत राहणार. शेवटी लातूरच्या गंजगोलाई बाजारात तासभर फिरून एका शेती औजारांच्या दुकानात फवारणी पंपाच्या दांडीतली स्प्रिंग मिळाली, वीस रुपये, दोन कडी कापून टाकली, अगदी जुळली. दुकानदारानं विचारलं कुठला पंप, मी म्हणलं रशियन. त्यानं परत विचारलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

आजचा दिवस ग्रिपचा, आणि माझ्या मते सगळ्या कामात हाच मोलाचा.

डबल साइजच्या ग्रिपला हात कोण लावणार, राक्षस पण नाही. म्हणून सर म्हणले ग्रिप एक खऱ्या मापाची वेगळी कर, नुस्ती ग्रिप, वर फक्त अंगठ्यानं ओढायला लाकडी हॅमर, म्हणजे पोरांना हात ठेवून कळेल. घरात गणपतीची शाडू माती उरली होती, ती भिजवून गोळा केला आणि रेंजवर येणाऱ्या एका पोरीला (एअर पिस्टलवाली, अकरावीत आहे, हात एकदम स्थिर) दाबायला दिला. बोटांचे खड्डे, तळव्याचा फुगवटा, अंगठ्याखालचा खळगा, सगळं उतरलं. ते बघून शिसवाच्या तुकड्यात पटाशीनं कोरलं, मग अर्धगोल कानस, मग पॉलिश पेपर ८०, १५०, ३२०. खालची तळहात टेकायची फळी सरांनी काटकोनातच ठेवायला लावली, २५ मीटरच्या नियमात ती वर वळवलेली चालत नाही. तोझ-३५ च्या ५० मीटरवाल्या ग्रिपला ही बंधनं नव्हती, ती हाताभोवती हातमोज्यासारखी गुंडाळलेली असायची.

मग सरांनी प्रयोग लावला. पोरीच्या तळहाताला कपड्याची नीळ लावली, ग्रिप धरायला लावली, मोबाईलवर घड्याळ. सात सेकंद हात खाली पंचेचाळीस अंशात, त्या सात सेकंदांत अंगठ्यानं हॅमर ओढायचा, तीन सेकंद हात वर. पाच वेळा. वेळ भरपूर पुरला, दोन सेकंदांतच व्हायचं तिचं, म्हणजे रिव्हॉल्व्हर रॅपिडला स्लो पडतं हे लोक म्हणतात त्यात दम नाही. पण ग्रिप सोडल्यावर नीळ बघितली तर अंगठ्याच्या मुळाशी अर्धा इंच फासटलेली. प्रत्येक वेळी अंगठा हॅमरपर्यंत पोचायला हात जरासा वर सरकत होता आणि परत बसत होता, आणि परत तिथंच बसत नव्हता.

मग मामाला बसवलं. मामाचा पंजा म्हणजे फावडं. पाच वेळा ओढला, निळीचा ठसा जसाच्या तसा, जणू शाईचा शिक्का.

सर गप्प झाले जरा. मग म्हणले, बघ, हे सील बिलाच्या भांडणात कुणी बोलत नाही. पिस्टल पुढची गोळी स्वतः भरतं, हात हलवायचं कारणच देत नाही. रिव्हॉल्व्हरला प्रत्येक शॉटला अंगठा सोडावा लागतो. मोठ्या हाताला फुकट, लहान हाताला प्रत्येक वेळी नवीन पकड. पोरगी म्हणली, "सर, मंग हॅमरचा कान लांब करा ना." मी तिथल्या तिथं हॅमरला आठ मिलीमीटरचा तुकडा चिकटवला. नीळ परत लावली. फासटलेलं निम्म्याहून कमी.

पाटीवर हेच लिहायचं ठरलं. गॅस सीलला दोन ओळी, अंगठ्याला चार.

१९ जानेवारी, रविवार

रंग. पिवळा दोन हात, लाल एक. संक्रांतीच्या वाऱ्यानं धूळ बसली, परत घासून तिसरा हात. बाकी काही नाही.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदन करून थेट रेंजवर. लांबलचक पिवळं धमक मॉडेल मोटरसायकलवर मामाच्या मांडीवर, मामा मागं बसून रस्त्यातल्या प्रत्येकाला सांगायला "रशियाचं हाय". शेजारी नागांतचा सात भोकांचा आजोबा सिलिंडर खुंटीवर. शिसवाची ग्रिप साखळीनं बांधली, नाहीतर पहिल्याच आठवड्यात गायब होईल.

पोरं हॅमर ओढायली, सिलिंडर फिरतो, पुढं सरकतो, काडतुसाचं तोंड बॅरलमध्ये शिरतं, सोडलं की मागं. पंधरा वीस वेळा झालं तरी कुणी हटेना. फवारणी पंपाची स्प्रिंग टिकली.

काका उशिरा आले. काही बोलले नाहीत. खिशातून आजच्या पेपरची बोटभर पट्टी काढली, घरूनच फाडून आणली होती, आणि हॅमर खाली असताना सिलिंडर आणि बॅरलच्या मधल्या फटीत घातली. वर खाली सरकवली, आरामात सरकली. मग मला म्हणले ओढ. मी हॅमर ओढला. काकांनी पट्टी खेचली. हलेना. जोर लावला तशी फाटली, अर्धी त्यांच्या हातात, अर्धी आत.

"झिरो थाऊ," काका म्हणले, आणि हातातला तुकडा घडी करून परत खिशात ठेवला. आतला अर्धा मी अजून काढलेला नाही.